मायनर म्हणजे किरकोळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही.

मी सुरतेला, लिंबायतमध्ये विज्ञानाचे क्लास घेते. मराठी माध्यमाची मुलं, आठवी ते बारावी. बहुतेकांचे वडील खान्देशातून येऊन कापडाच्या लूमवर कामाला लागलेले, माझेही. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं आणि माझं कॉलेज सुटलं. त्यानंतर जे शिकले ते सगळं फोनवर. पेशीच्या आत फिरवून आणणारी चित्रं, हृदयाची झडप कशी उघडते ते दाखवणारे व्हिडिओ, मोठमोठ्या विद्यापीठांचे फुकट धडे, आजारांची माहिती साध्या भाषेत देणारी पानं. इंग्रजी अडायचं, मग डिक्शनरी मांडीवर घ्यायची. मुलांना मी आजही सांगते — नेटवर काही वाचलं की आधी बघा, कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, आणि लिहिणारा काही विकायला तर बसला नाही ना.

हळूहळू गल्लीतल्या बायका रिपोर्ट घेऊन यायला लागल्या. शुगरचा, थायरॉईडचा. मी वाचून द्यायची, शेवटी 'डॉक्टरांना दाखवा' म्हणायची. मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे. तोही या कबुलीतच धरा.

कविता माझी धाकटी बहीण. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेली तेव्हा तिथे सगळ्या मुलामुलींचं रक्त तपासलं गेलं. आमच्याकडे कॉलेजांमधून करतात तसं. काही दिवसांनी ती एक कागद घेऊन आली. "ताई, बघ ना, थॅलेसेमिया मायनर लिहिलंय. भेटायलाही बोलावलंय."

मी कागद पाहिला. तो शब्द मला तेव्हा खरंच धड माहीत नव्हता. पण माहीत नाही असं मी कशी म्हणणार? म्हटलं, "मायनर म्हणजे किरकोळ. थोडा अशक्तपणा असेल. काही जायची गरज नाही." तिची परीक्षा तोंडावर होती, ती गेली नाही. कागद मी माझ्या सर्टिफिकिटांच्या फायलीत ठेवला.

इथपर्यंत ते अज्ञान होतं. अज्ञानाची कबुली द्यायला मी एवढी वर्षं कशाला थांबले असते?

पुढे आम्हा दोघींची लग्नं एकदमच ठरली. एकाच मांडवात दोन्ही करायची असं वडिलांनी ठरवलं. माझं वय सत्तावीस झालेलं, तीन ठिकाणांहून नकार आलेला. चौथं स्थळ जमलं, मुलगा हजिऱ्याला कंपनीत. कविताला बारडोलीचं स्थळ. प्रवीणराव साखर कारखान्यात नोकरीला, स्वभावानं मवाळ. साखरपुडे झाले, पत्रिका छापायला गेल्या.

त्याच आठवड्यात मी दहावीच्या मुलांसाठी आनुवंशिकतेचा धडा काढत होते. दुपारची वेळ. एका हिंदी व्हिडिओत शिक्षक फळ्यावर चौकट काढून समजावत होते. आईकडून एक गुण, बापाकडून एक, चार घरं. आणि उदाहरण म्हणून त्यांनी थॅलेसेमिया घेतला. मी व्हिडिओ थांबवला. मागे नेला. पुन्हा ऐकला. मग एका आरोग्याच्या साइटवर जाऊन पूर्ण पान वाचलं. मायनर असलेल्या माणसाला स्वतःला फारसा त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघंही मायनर असतील, तर प्रत्येक बाळाला मेजर होण्याची शक्यता चारात एक. मेजर म्हणजे जन्मभर बाहेरून रक्त. खाली ठळक अक्षरांत होतं — लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करून घ्या.

आई शेजारी बसून रुखवताच्या कुरडया डब्यात भरत होती. "काय वाची ऱ्हायनी व?" तिनं विचारलं.

"क्लासचं," मी म्हटलं.

फक्त प्रवीणरावांचं थोडं रक्त तपासायचं होतं. एवढंच. मग मी का बोलले नाही? कारण बोलले असते तर बोभाटा झाला असता. मुलीच्या रक्तात दोष आहे, म्हणजे थोरलीच्याही असणार — लोक हेच म्हणाले असते. आणि विज्ञानही म्हणतं, सख्ख्या बहिणीत असण्याची शक्यता निम्मी. माझं स्थळ मोडलं असतं. चौथ्यांदा. मी बहिणीचा विचार केला नाही असं नाही. केला. आणि तिच्यापेक्षा माझा जास्त केला.

लग्नं झाली. दोघी एकाच दिवशी सासरी गेलो.

पुढच्याच वर्षी मला दिवस राहिले. दुसऱ्या महिन्यात मी काय केलं असेल? लॅबमध्ये जाऊन स्वतःची तपासणी करून घेतली. नवऱ्याला म्हटलं, डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात, तुम्हीही रक्त देऊन टाका. माझ्यात नव्हतं. त्यांच्यातही नव्हतं. देवापुढे दिवा लावला.

त्याच आठवड्यात कविताचा फोन आला. तिलाही तिसरा महिना लागलेला. "ताई, इथले डॉक्टर म्हणतात रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या दिल्यात. तू बघतेस का काय ते?"

तेव्हाही वेळ होती. पोटातल्या बाळाची तपासणी करता येते, किती महिन्यांत करायची, पुढे कोणते मार्ग असतात — सगळं मी वाचलेलं होतं. पण सांगायचं म्हणजे 'मला लग्नाआधीपासून माहीत होतं' हेही सांगावं लागणार. मी मनात गणित मांडलं. आधी प्रवीणरावांच्यात असायला हवं, आणि असलं तरी चारात एक. म्हणजे बहुतेक नाहीच होणार. तिच्या बाळावर मी अशी गणितं मांडत बसले, आणि फोनवर म्हटलं, "बीट खा, खजूर खा. गोळ्या चुकवू नकोस."

"बरं," ती म्हणाली. माझं ती नेहमीच ऐकायची.

तिला मुलगी झाली. जुई. माझा मुलगा तिच्याहून एका महिन्यानं लहान. जुई सात महिन्यांची असताना कविता तिला घेऊन आमच्याकडे आली. माझा मुलगा चटईवर सरपटत होता, जुई आईच्या खांद्यावर मान टाकून पडलेली. पोट पुढे आलेलं, तळवे पांढरे. आमची आईही आलेली होती; ती जुईकडे बघत राहिली. "पोर पिवयी दिसस व माय," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला सुरतेच्या दवाखान्यात नेलं.

रिपोर्ट आले त्या दिवशी बारडोलीहून प्रवीणराव आणि त्यांची आईही आले होते. डॉक्टरांनी आम्हाला बसवून घेतलं. गुजराती डॉक्टर, वयस्क बाई, हळू आवाजात हिंदीत समजावत होत्या — जुईला मेजर आहे, म्हणजे प्रवीणरावांच्यातही मायनर असणार. मग त्यांनी कविताला विचारलं, "बेन, कॉलेज में टेस्ट नहीं हुआ था?"

कविता म्हणाली, "हुआ था. दीदी ने देखा था." आणि माझ्याकडे वळली. प्रवीणराव माझ्याकडे बघत होते. तिची सासू दारापाशी उभी होती.

मी म्हटलं, "मला दाखवलेल्या पानावर तर काही नव्हतं लिहिलेलं. बाकीचा रिपोर्ट तिच्याकडेच होता."

कविता माझ्याकडे बघत राहिली. कपाळाला बारीक आठी — माणूस काहीतरी आठवायला बघतो तशी. मायनर हा शब्द तिनं स्वतः वाचून दाखवला होता मला. मग मान खाली घालून म्हणाली, "असेल. माझ्याकडूनच हरवला असेल."

तिला आठवत होतं का? आठवत असून ती मला सांभाळून घेत होती का? की माझ्या शब्दापुढे तिनं स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवला नाही? मला आजही माहीत नाही. मी विचारलेलं नाही. घरी जाऊन मी फाइल काढली, त्या कागदाचे तुकडे केले आणि भाजीच्या देठांबरोबर कचऱ्याच्या गाडीत टाकले.

तिच्या सासूनं पुढे कितीतरी वर्षं तिला ऐकवलं — एवढी शिकलेली, पण एक कागद सांभाळता आला नाही, आणि पोरीला भोगायला लागतंय. प्रवीणराव तोंडानं काही बोलले नाहीत. पण दोन वर्षं तिच्याशी धड बोललेही नाहीत.

जुई आता सात वर्षांची आहे. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागतं. बारडोलीहून दोघी येतात, मी क्लासला सुट्टी देऊन दवाखान्यात जाते. सुई लावताना ती माझा हात धरते, आईचा नाही. रक्तातून साठणारं लोह काढायला रोज सकाळी औषध पाण्यात ढवळून प्यायचं असतं. ते चुकलं तर काय होतं हे मीच कविताला समजावलं. कुठली साइट बघायची, कुठली नाही, तेही मीच शिकवलं. सगळे म्हणतात, बहीण असावी तर अशी.

आणि कविता शिकली. माझ्यापेक्षा चांगली शिकली. वॉर्डात नवीन बाई बाळाला घेऊन रडत आली की ती उठून तिच्या शेजारी जाऊन बसते. खान्देशची असेल तर अहिराणीत बोलते, नाहीतर हिंदीत, गुजरातीत. फोनवर ती चौकट काढून दाखवते. चार घरं.

मागच्या महिन्यात तिच्या जुन्या कॉलेजनं तिला बोलावलं, रक्ततपासणीच्या आधी मुलींशी बोलायला. मी जुईला घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. कविता माइकसमोर उभी राहिली. ती म्हणाली, "याच कॉलेजात माझी तपासणी झाली होती. रिपोर्ट मिळाला होता. मी तो नीट वाचला नाही, हरवून टाकला. चूक माझी. माझ्या मुलीला त्याचे परिणाम भोगावे लागतायत. तुम्ही असं करू नका."

जुईनं माझ्याकडे बघून विचारलं, "मावशी, आई माझ्याबद्दल बोलते का?"

"हो," मी म्हटलं.

मग टाळ्या झाल्या. मुली उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मीही उभी राहिले आणि वाजवल्या.

चूक तिची नव्हती. मला माहीत होतं. लग्नाआधी माहीत होतं, ती पोटुशी असताना माहीत होतं, त्या दिवशी हॉलमध्येही माहीत होतं. मी बोलले नाही.