दोन दाती सॉफ्टवेअर

जव्हारपासून मोखाड्यापर्यंत असं एकही मुकं जनावर नसेल, ज्याच्या तोंडात आमच्या शेजारच्या डॉक्टरांनी एकदा तरी डोकावलं नाही. आणि त्यात मी माझा लॅपटॉपही धरते. डॉक्टर म्हणजे खरं तर जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले मदतनीस, पण पाड्यापाड्यांवर त्यांना ढोरडॉक्टर म्हणतात आणि त्यांनाही तेच आवडतं. ज्याला बोलता येत नाही, ते सगळं त्यांच्या लेखी जनावर. आमच्याकडे आले की फ्रिजच्या अंगावर हात ठेवून ताप बघतात, मिक्सर घरघरला की काल त्याला काय घातलं होतं ते विचारतात, आणि प्रिंटरच्या मागे कधी उभे राहत नाहीत. लाथ कोण मारेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. लॅपटॉप उघडला तरी मला लगेच हात लावू देत नाहीत. आधी त्याला माणसाची सवय होऊ द्यायची. माझा लॅपटॉप इतका जुना आहे की त्याला सवय व्हायला तसाही वेळ लागतो, त्यामुळे आमचे यावरून कधी खटके उडाले नाहीत.

मी बालवाड्यांसाठी गोष्टींची पुस्तकं तयार करते. सकाळी कामांची यादी करायची आणि संध्याकाळपर्यंत एकेक खोडायचं, हा माझा स्वभाव. गेल्या उन्हाळ्यात यादीत सगळ्यात वर एकच काम होतं: घरच्या बोलीतले शब्द घातलेल्या मराठी गोष्टी, जूनच्या आत, सूर्यमाळला. तिथली बालवाडी जानकीताई चालवतात. त्यांची मुलं घरी बोलीत अखंड बडबडतात आणि मराठी पुस्तक उघडलं की गप्प होतात. निदान नव्या वर्षी ती पहिल्या दिवसापासून बोलावीत, एवढ्यासाठी ही धडपड होती. गोष्टींची फाइल एक्सएमएलमध्ये होती. म्हणजे बोलीतल्या प्रत्येक शब्दाच्या आधी आणि नंतर एकेक खूण, इथे सुरू झाला, इथे संपला. त्या खुणा वाचून पानं लावून देणारं एक फुकट सॉफ्टवेअर मला सापडलं. परदेशातले एक गृहस्थ ते एकट्यानं बनवत होते आणि ते अजून बीटा अवस्थेत होतं: वापरून बघा, चुका कळवा.

हे मी डॉक्टरांना सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "दात किती?"

बैलाचं वय दातांवरून कळतं. दुधाचे दात असलेला तो आदत, मग दोन दाती, चार दाती, आणि सगळे दात आले की तो जुळला. सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आकडा शून्यानं सुरू होतो हे ऐकून डॉक्टरांनी मान हलवली. "आदत आहे. फिरवा, खेळवा. जुंपू नका."

फिरवायचं म्हणून मी एक नमुना प्रत छापली आणि सूर्यमाळला पाठवली. चार दिवसांत जानकीताईंचा फोन आला. "ताय, 'ससा नागली' इतकाच लिवलाय. पोरां इचारतात, नागलीचा काय केला सशानं?" नागली म्हणजे आपली नाचणी. पुस्तक उघडून पाहिलं, तर प्रत्येक वाक्य बोलीतल्या शब्दापाशी संपत होतं. खूण बंद झाली की पुढचं सगळं गायब. वाघ पाणवठ्यावर आलाच नव्हता आणि म्हातारी जंगलात जायला निघून उंबऱ्यातच उभी होती.

मी कपाळाला हात लावला. डॉक्टर मात्र खुशीत आले. सॉफ्टवेअरची वैरण कमी कमी करत दुखणं कशानं होतं ते बघायचं ठरलं. फाइल अर्धी करून घातली, दुखणं तेच. तिची अर्धी, तरी तेच. कापत कापत शेवटी सशाचं एक वाक्य उरलं आणि तेवढ्यानंही त्याचं पोट फुगलं. "हीच ती काडी," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी तक्रार सांगितली आणि मी ती त्यांच्या नावासकट इंग्रजीत उतरवली. काय घातलं, काय बाहेर आलं, काय यायला हवं होतं. नुसतं 'चालत नाही' लिहायला त्यांची सक्त मनाई; तसं म्हणत म्हैस आणणाऱ्यांना त्यांनी आधी तिला अंगणात चालवून दाखवायला लावलेलं आहे. सुरुवातीला मात्र 'जनावर गुणी आहे, चाल चांगली आहे' हे वाक्य हवंच. मी ते गाळलं होतं, त्यांनी परत घालायला लावलं. कारण आपल्या जनावराची आधी तारीफ ऐकल्याशिवाय मालक दुखण्याचं ऐकून घेत नाही.

डॉक्टर चुकतातही. सॉफ्टवेअर दुपारी सुस्तावतं, अशीही एक तक्रार त्यांनी आग्रहानं पाठवली होती. ती आमच्या विजेची निघाली. पण सशाच्या वाक्यावर त्या गृहस्थांचं उत्तर आठवड्यात आलं: चूक सापडली, नवी आवृत्ती पाठवतोय, आणि तुमच्या डॉक्टरांना माझा नमस्कार. डॉक्टरांनी ते उत्तर मला दोनदा वाचायला लावलं. मग, ज्यांनी ज्यांनी पूर्वी पोट बिघडवलं होतं अशा सगळ्या फायली, ज्या त्यांच्या सांगण्यावरून मी 'विषारी चारा' नावाच्या फोल्डरमध्ये जपल्या होत्या, त्या नव्या आवृत्तीला एकेक करून घातल्या. सगळ्या पचल्या. "दोन दाती झालं," ते म्हणाले. "हलकं काम द्या."

पुस्तक शाळा उघडायच्या आधी सूर्यमाळला पोचलं, पण तिथे भलतंच झालं होतं. मधल्या काळात जानकीताईंनी मुलांनाच विचारलं होतं, की नागलीचं सशानं काय केलं असेल. एरवी गप्प बसणारी ती मुलं बोलीत नि मराठीत मिसळून एकमेकांवर ओरडून सांगत सुटली होती. आता छापलेला शेवट ऐकून त्यांनी ठरवलं, की हा ससा वेगळा आहे, आपला वेगळा.

डॉक्टर हल्ली गुडघ्यांमुळे नाशिकला लेकीकडे असतात. आमचा फ्रिज बरेच दिवस कुणी तपासलेला नाही. परवा त्या गृहस्थांनी कळवलं, की आता आकडा एकवर नेतोय, बीटा संपलं. डॉक्टरांचं मत काय, असंही विचारलं. मी विषारी चारा घातला, सगळा पचला, आणि नाशिकला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे जुळला. आता माझं काय काम त्याच्याकडे?" आणि लगेच त्यांनीच विचारलं, "पहिल्या दिवशी काय घालताय त्याला?"

"सूर्यमाळच्या पोरांचा ससा," मी म्हटलं.

"घाला," डॉक्टर म्हणाले. "पण आधी त्याला तुमची सवय होऊ द्या."