सांडलेल्या वाटाण्यांचा पिक्चर

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा इतिहास सांगणारा एक लांबलचक लेख मध्यंतरी वाचला. कोणत्या साली कुठल्या देशाचे पाहुणे आले, बक्षीस कुणाला मिळालं, कुणी रुसून निघून गेलं, सगळं होतं त्यात. पण त्या महोत्सवातला एक पिक्चर सगळ्यात जास्त दिवस कुठे चालला, हे काही त्या विद्वानाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक आहे. तो आमच्या गावच्या, जऊळक्याच्या शिवारात, कापसाच्या वावरात चालला, आणि तोही बिनविजेचा, बिनपडद्याचा. मुंबईहून तो आणला मी आणि चालवला माझ्या आत्यानं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. मूलबाळ नाही, नवरा कधीचाच वारलेला, स्टेशनच्या अंगाला एक खोली आणि तोंडात अख्खी टॉकीज. ती बायांच्या टोळीत कापूस वेचायला जायची. आमच्या टोळीत एक रीत होती. एकीनं पिक्चर सांगायचा आणि बाकीच्यांनी वेचता वेचता ऐकायचा. सांगणारीचे हात मागे पडणारच. म्हणून ओळ संपून सगळ्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर पोचल्या, की प्रत्येकीनं आपल्या ओटीतला मूठभर कापूस सांगणारीच्या ओटीत टाकायचा. संध्याकाळी मापाच्या वेळी तिचं गाठोडं बाकीच्यांच्या बरोबरीचं भरायचं. पिक्चर आवडला नाही तर मात्र मूठ नाही, आणि त्याबाबतीत सख्खी जाऊसुद्धा भीड धरत नसे.

आत्याचं सगळं त्या मुठींवर चाललं होतं. आमवातानं तिची बोटं वाकडी झाली होती, बोंडातून कापूस ओढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यात तिचे पिक्चर संपले. शिरपूरला येणारी तंबूची टॉकीज बंद पडली, आणि जुनेच पिक्चर ती नायकाच्या मिश्या बदलून सांगू लागली. बाया काही खुळ्या नव्हत्या. नेमकी त्याच वर्षी टोळीत अकोल्याहून लग्न होऊन आलेली एक सून दाखल झाली. तिनं शहरात ढीगभर पिक्चर पाहिलेले, वरून गळा गोड, म्हणजे गाण्यासकट खेळ. मुठी तिच्या ओटीत जाऊ लागल्या. एका संध्याकाळी टोळीच्या मुकादमीणबाईनं आत्याला स्पष्टच सांगितलं, "बाई, येचणं तुह्यानं होत नाई आन सांगणं जुनं झालं. या सालची फरदड होईपर्यंत ये. पुढच्या साली दुसरं काई पायजो."

फरदड म्हणजे कापसाची शेवटची वेचणी. म्हणजे आत्याच्या हातात जेमतेम महिना-दीड महिना होता.

दुसरी कुणी रडत बसली असती. आत्या तडक आमच्या घरी आली. मामीचं बाळंतपण होतं, म्हणून मी मुंबईला मामाकडे निघाले होते. माझी पिशवी भरून झाली होती.

"पोरी, मुंबईले जाऊन राह्यली न? मंग मले तीन पिक्चर घेऊन ये. ताजे. अकोल्यात न लागलेले."

"आत्या, पिक्चर काय भाजी हाय का, पिशवीत घालून आणाले?"

"डोक्यात घालून आण. तुह्या डोक्यात लय जागा खाली हाय."

जऊळक्याहून लहान गाडीनं अकोला आणि तिथून मोठ्या गाडीनं मुंबई. मामा एका थिएटरच्या दारावर तिकिटं फाडायचा, आणि आत्याचं नशीब असं की नेमका त्याच थिएटरात जगभरचा सिनेमा येऊन पडला होता. छातीला बिल्ले लावलेली, दाढीवाली, झोळीवाली माणसं एका रांगेत, आणि दुसऱ्या रांगेत उभी मुंबई. परदेशी पिक्चरांना म्हणे सेन्सॉरची कात्री लागत नाही, अशी आवई उठली होती. त्यामुळे आयुष्यात कधी कलेकडे न फिरकलेली मंडळी पहाटेपासून कलेसाठी ताटकळत उभी होती. मामाचे कान लाल झाले होते. कुंवार भाचीला यातला कोणता पिक्चर दाखवावा? बरीच चौकशी करून शेवटी त्यानं मला एका खेळाला आत सोडलं. दुसऱ्या खेळाची त्याची हिंमत नव्हती.

"यात काईच नाई," तो म्हणाला. "सकाळी म्या सोता पाह्यला. बिनघोर बस."

मामा शब्दाचा पक्का. पिक्चरात खरंच काही नव्हतं. एक म्हातारी घरात एकटी बसली आहे, पुढ्यात वाटाण्याच्या शेंगांचा ढीग, आणि ती शेंगा सोलते आहे. बाहेर पाऊस. ती सोलते, दाराकडे बघते, पुन्हा सोलते. मधेच एक रिकामी खुर्ची पदरानं पुसावी तशी झग्यानं पुसते आणि परत सोलायला बसते. पडदाभर वाटाणे. एकेक दाणा टरबुजाएवढा!

पब्लिकनं आधी दम धरला. म्हातारीची कुणी तरुण मुलगी येईल, या आशेवर माणसं बसून राहिली. मग मागून एक आवाज आला, "आजीबाई, भाजी कधी?" आणि हशा पिकला. हळूहळू खुर्च्या वाजू लागल्या, कलाप्रेमी बाहेर पडू लागले. मी जागची हलले नाही. मला घाम फुटला होता. तीनऐवजी एक पिक्चर, त्यात ना गाणं, ना मारामारी, ना नायक. आत्याच्या तोंडावर मी काय मारू? वाटाणे?

शेवटी एकदाचं दार उघडलं. उजेड म्हातारीच्या तोंडावर पडला. ती हसली, अशी हसली की मीही खुर्चीत हसले. ताडकन उठली, मांडीवरचं भांडं कलंडलं आणि सगळे वाटाणे जमिनीवर घरंगळत गेले. आणि दिवे लागले! दारात कोण आलं, ते दाखवलंच नाही. मी धावत मामाकडे गेले.

"मामा, दारात कोन होतं?"

"मले काय मालूम? त्या वक्ती म्या माह्यं दार उघडून राह्यलो होतो."

परत आल्यावर ओशाळून आत्याला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, गाणे? म्हटलं, नाही. फायटिंग? नाही. मग हाय काय त्यात? वाटाणे, मी म्हणाले. मग तिनं हळूच विचारलं, "केवढाले दिसत होते?"

"टरबुजायेवढे."

"हां," आत्या म्हणाली आणि तिचा चेहरा उजळला.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मीही वेचणीला गेले. आत्यानं सुरुवात केली आणि एक शेंग उघडायला तिनं अख्खी ओळ घेतली. शेंगेचा आवाज, दाण्याचा हिरवा रंग, म्हातारीची दुखरी बोटं. मी मुंबईत पाहिला त्यापेक्षा हा पिक्चर कितीतरी चांगला होता. अकोल्याची सून फणकारली, "आमच्या अकोल्यात असा पिक्चर लागला असता, तं लोकायनं खुडच्या तोडल्या असत्या." पण मुकादमीण तिच्यावरच खेकसली, "चूप व! आयकू दे."

संध्याकाळपर्यंत दार उघडलं. म्हातारी हसली, वाटाणे सांडले.

"मंग?"

"मंग खतम."

असा गलका झाला की शेजारच्या वावरातला गडी बैल सोडून बघायला आला. कोण आलं? आलं कोण? बाया माझ्या अंगावर धावून आल्या. ही पोट्टी झोपली असन! नाई, मशीनवाल्यानं आखरीचं रीळ चोरलं असन! टोळीत पिंजाऱ्याच्या घरची एक मावशी होती, सगळ्या तिला खाला म्हणत; ती ठणकावून म्हणाली, "बेटाच आया होएंगा. फौज में से." मुकादमीण म्हणाली, म्हातारीचा पळून गेलेला नवरा असणार, मेल्याला भूक लागली म्हणून आला. अकोल्याच्या सुनेनंसुद्धा तोंड उघडलं. तिच्या मते ती मुलगी होती, माहेरी आलेली.

आत्यानं सगळ्यांना बोलू दिलं. मग पदर नीट करत म्हणाली, "कोन होतं ते मले मालूम हाय. पन सांगन फरदडीच्या आखरी दिवशी."

काय सांगू तुम्हाला! त्या दिवसापासून आत्याची ओटी सकाळीच फुगायला लागली. मुठी नुसत्या पडत नव्हत्या, त्यांच्याबरोबर वशिले पडत होते. खाला दोन मुठी टाकून कानात सांगायची, "बेटा कर दे, बहना." मुकादमीण मूठ टाकताना नवऱ्याची बाजू मांडायची. विहिरीवर दोन पक्ष पडले. पिठाच्या चक्कीवर पुरुषही बोलू लागले, आणि पिक्चर न पाहता न ऐकता त्यांची मतं सगळ्यात ठाम होती. आत्या रोज पिक्चर पहिल्यापासून सांगायची आणि रोज त्यात एक शेंग वाढायची. मी हसून हसून बेजार व्हायचे.

शेवटच्या दिवशी सकाळी वावराकडे जाताना आत्यानं माझा हात धरला.

"पोरी, खरं सांग व. कोन होतं?"

माझं हसूच पळालं. हिला ठाऊकच नव्हतं! बेटा म्हणावं तर नवऱ्याचा पक्ष चिडणार, नवरा म्हणावं तर खाला रुसणार, आणि पुढचं वर्ष गेलं हातचं. "आत्या, मले नाई मालूम," मी म्हणाले. ती माझा हात सोडून पुढे चालू लागली.

दुपारी शेवटची ओळ संपली. सगळ्या बाया धुऱ्यावर बसल्या. कुणी शिदोरीसुद्धा सोडली नाही.

"सांग," मुकादमीण म्हणाली.

आत्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "मी होती," ती म्हणाली.

"आँ?"

"दारात मी होती. बुढी एकटी, मी बी एकटी. येवढे वटाणे सोलले तिनं, एकटीच खानार होती का? ते खुडची कोनासाठी पुसली? म्या दार लोटलं आन म्हटलं, जयभीम बाई, आली मी."

स्टेशनच्या अंगाच्या त्या खोलीचं दार मी लहानपणापासून पाहिलं होतं, ते तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी फारसं लोटत नसे. खाला डोळे पुसू लागली. मग अकोल्याची सून उठली, ओटीत हात घातला आणि भली मोठी मूठ आत्याच्या ओटीत टाकली. तिच्यामागोमाग सगळ्याच उठल्या.

मुकादमीण सगळ्यात शेवटी आली. मूठ टाकून ती तशीच उभी राहिली आणि गुरकावली, "पिक्चर तं खतम झाला. आता पुढच्या साली काय सांगशीन?"

आत्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू एवढी अडाणी बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती.

"खतम कायचा झाला? घरभर वटाणे सांडले न बाई," ती म्हणाली. "ते येचाले आपली टोळी नाई लागन का?"