गफारभाईंनी बरोबर जोडलेलं विमान

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं फिजिक्स खुशाल शिकवावं, पण करून बघायला जाऊ नये!

लातुरात क्लासचा धंदा ऐन भरात आला होता. मी एका क्लासात फिजिक्सचा मास्तर, तोही रिपीटरांच्या बॅचचा. डोळा मात्र 'पहिल्या बॅच'वर, म्हणजे हुशार पोरांवर!

आमचे डायरेक्टर निलंग्याचे, एकदम रोखठोक. म्हणाले, "सर, नव्या बॅचच्या उद्घाटनाला तुमचं ते रिमोटचं विमान उडवा. नीट उडालं तर पहिली बॅच तुमची."

"अन् न्हाई उडालं तर?"

"रिपीटर हायतच की!"

विमान थर्माकोलचं, माझ्या हातचं. पंखांच्या मागच्या कडेला दोन हलत्या पट्ट्या असतात, त्यांना एलेरॉन म्हणायचं. त्या हलवायला काडेपेटीएवढ्या दोन मोटरी, त्या सर्व्हो. एक पट्टी वर गेली की दुसरी खाली, आणि जिकडची वर तिकडं विमान कलतं. वायरी जोडल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या गफारभाईंनी. "सब बरोबर हाय सर, आता हात लावू नका," असं त्यांनी बजावलंही.

हात लावणार नाही तो मास्तर कसला?

उद्घाटनाच्या सकाळी विमान टेबलावर ठेवलं, नाक माझ्याकडं. रिमोटची दांडी उजवीकडं दाबली, तर माझ्या डाव्या बाजूची पट्टी वर! गफारभाईंची चूक सापडली म्हणून मला काय आनंद झाला! सर्व्हो उलटा फिरवायचं बारकं बटण रिमोटवर असतंच. दिलं दाबून.

मैदानात रेणापूर, नांदेडपासूनचे पालक जमलेले. विमान उडालं. टाळ्या! दहा सेकंद मी शास्त्रज्ञ होतो.

मग ते जरा डावीकडं कललं. मी उजवीकडं दाबलं, ते आणखी डावीकडं. मी आणखी दाबलं, ते पालथं!

"उलटं उडवून राहिले सर! लई भारी!" एक पालक ओरडले.

मी दांडी पार टोकापर्यंत दाबली. आणि विमान धाडकन होस्टेलच्या पत्र्यावर!

भूकंप पाहिलेला आमचा गाव. दणका ऐकला की इथं कुणी चौकशी करत बसत नाही. अर्ध्या मिनिटात अख्खं होस्टेल मैदानात, एक जण तर तोंडाला साबण लावलेला.

"किती जोराचा हुता?"

"फिजिक्सच्या सरांचा हुता."

विमान बघायला आलेल्या गफारभाईंनी खाली पडलेला मोडका पंख उचलला, रिमोट बघितला. "सर, हे बटन कुणी दाबलं?"

"मीच. समोरून बघितलं तर..."

"विमान मागून बघायचं असतंय सर! समोरून त्याचा उजवा म्हंजे आपला डावा."

तिथं गप्प बसायचं ना! पण अब्रू वाचवायला मी म्हणालो, "अहो, पोरांकडं तोंड करून शिकवायची सवय. त्यांना उजवं दाखवायचं तर मी डावा हात वर करतो."

डायरेक्टरांचा चेहरा पडला. "थांबा सर. मग ते विजेच्या धड्यातलं, उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम... तो कोणत्या हातानं शिकवला?"

मी काही बोलायच्या आत माझी अख्खी बॅच मोठ्या हौसेनं ओरडली, "असा, सर!"

साठ अंगठे वर झाले. सगळे डावे.