गफूरचं जपानी न्हाणीघर

शुक्रवार, ९ मार्च १९७९. हफूफ, सौदी अरेबिया. सकाळपासून वारा, धूळ. नाश्त्याला भात, भाजलेला मासा, मुळ्याचं लोणचं. दुपारी चारला गफूरने हौद रिकामा केला.

वहीतली दुपारपर्यंतची नोंद एवढीच आहे. बाकीचं आठवून लिहिते.

यांच्या जपानी कंपनीने हफूफला, खजुरांच्या बागेत, गरम झऱ्याजवळ नवं गेस्ट हाउस बांधलं होतं. त्यांच्या देशातल्या जुन्या विश्रामगृहांसारखं: चटयांच्या खोल्या, जमिनीवर गाद्या, मागे लाकडी हौद, त्यात नळीने आणलेलं झऱ्याचं पाणी. आम्ही अल-खोबरहून सुट्टीला गेलो होतो.

न्हाणीघर गफूरकडे होतं. राजापूरचा प्लंबर. त्याच्या गावाजवळही गरम झरा आहे, हे कळल्यावर मॅनेजर ओकादासाहेबांनी त्याला कामगारांच्या कॅम्पातून इथे आणलं. त्याचा करार संपत आला होता. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, वाढवायचा की त्याला घरी पाठवायचं, ते साहेब त्याच दिवशी ठरवणार होते. गफूरची मुलगी सफूरा नर्सिंग शिकत होती, अजून दोन वर्षं बाकी होती.

तोवर एका वेळी एकच पाहुणा येई. त्या दिवशी पहिल्यांदाच चार पुरुष होते. आधी बाहेर पाटावर बसून साबणाने अंग धुवायचं, मग अंगावर काही न ठेवता हौदात नुसतं बसायचं, मोठ्या माणसाने पहिलं. हे गफूरला माहीत होतं. पाणी सगळ्यांना तेच, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ओकादासाहेब हौदातून बाहेर आले आणि गफूरने बूच काढलं. हौद भरायला तीन तास लागत. हे आणि दोन जपानी इंजिनिअर अंग धुऊन, सुती झगे घालून उभेच राहिले.

ओकादासाहेब मला इंग्रजीत म्हणाले, "त्याला विचारा, मी इतका घाणेरडा आहे का?"

मी विचारलं तसा गफूरचा चेहरा उतरला. "वैनी, साहेबांचं उष्टं पाणी पाहुण्यांना कसं द्यायचं?"

"अरे बाबा, मी दोनदा साबण लावलाय," हे म्हणाले. "आता नुसता वाळतोय."

'उष्टं'ला इंग्रजी शब्द कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी मला शिकवला नव्हता. मी म्हटलं, "एक जण जेवलेल्या ताटात आमच्याकडे पाहुण्याला वाढत नाहीत. त्याने पाहुण्यांचा मान राखला."

ओकादासाहेबांनी रिकाम्या हौदात वाकून पाहिलं. मग म्हणाले, "आमच्याकडे न्हाणीघर सांभाळणारा शेवटी त्याच पाण्यात बसतो. त्याशिवाय पाणी कसं राहिलं ते त्याला कळणार नाही. हा बसला तर मी कागदावर सही करतो."

मी सांगितलं. गफूर म्हणाला, "बसेन. पण दार लावून, एकटा."

"आणि लुंगी?" यांनी विचारलं.

"ती दाराबाहेर ठेवीन. तुम्ही लांब उभे राहा."

हौद पुन्हा सातला भरला. तिघे एकामागून एक बसून आले. मग गफूर आत गेला आणि अर्ध्या तासाने लालबुंद होऊन बाहेर आला.

"कसं होतं?" मी विचारलं.

"तळ दिसत होता, वैनी. फक्त तुमच्या साहेबांनी बसून बसून गार केलं."

ओकादासाहेबांनी तिथेच, चटईवर बसून सही केली. गफूरने ते न्हाणीघर पुढे नऊ वर्षं चालवलं. नवा पाहुणा आला की तो त्याला पाटावर बसवी आणि कानामागे साबण राहिलाय का ते स्वतः बघे. त्याशिवाय हौदाकडे सोडत नसे.

त्या रात्री मी वहीत शेवटी लिहिलं: यांचे दोन्ही टॉवेल ओले. दोरीवर जागा नव्हती, खिडकीत वाळत टाकले.