फरशीवर वाळत घातलेला कागद

अन्याय झाला तो गव्हाळीच्या भागूबाईंवर. यंदाच्या वैशाखातल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास. त्यांच्या घराण्याची वीरगळ — लढाईत मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी कोरून उभा केलेला दगड — भैरोबाच्या देवळाच्या जीर्णोद्धारात जेसीबीने उचलली, भरावात पालथी टाकली. वर चकचकीत फरशी बसली. भागूबाई नेहमीसारख्या तेलाची वाटी घेऊन पोचल्या तेव्हा दगडावर मुरूम पडत होता.

गव्हाळी खराडीच्या पुढे, आता महापालिकेत आलेली. मी राहते शनिवार पेठेत. रविवारी आम्ही पाचजण जिल्ह्यातले बेवारस कोरीव दगड शोधून नोंदवतो, पत्रकं वाटतो, अर्ज करतो. या संकेतस्थळावरच्या अमानवीय, भुताखेतांच्या वगैरे गोष्टी मी वाचतही नाही, विश्वास तर लांबच. इथे लिहितेय कारण हे दुसरीकडे कुणी छापणार नाही.

आमची चूक आधी सांगते. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्याच देवळात गेलो होतो. दोन वीरगळी होत्या. बाहेर लिंबाखालची नोंदवली. आतली शेंदराच्या जाड थराखाली. शेंदूर खरवडला की गाव चिडतं, म्हणून मी फॉर्मवर लिहिलं: "तपशील दिसत नाही, पुढच्या खेपेस." फोटोही काढला नाही. पुढची खेप आली तेव्हा फरशी होती.

फरशी काढून दगड परत मिळावा असा भागूबाईंचा अर्ज घेऊन मी सरकारी कार्यालयात गेले. साहेबांनी माझाच फॉर्म माझ्याकडे सरकवला. "काही दिसत नाही असं आपणच लिहिलंय. मग आम्ही काय बघायचं?"

बरोबर बोलले. पुराव्याशिवाय फरशी कोण फोडणार... आणि दिवाळीनंतर तिथे सभामंडपाचं काँक्रीट पडणार आहे. त्यानंतर विषय संपला.

ज्येष्ठातल्या एका रविवारी, दुपारी साडेबाराला, मी आणि माझा सहकारी ओंकार बाहेरच्या वीरगळीचा ठसा घ्यायला गेलो. ओला कागद दगडावर पसरायचा, ब्रशने ठोकून खोबणीत बसवायचा. वाळला की कोरीवकाम कागदावर उठतं. त्या दिवशी एक कागद जास्तीचा भिजला. वाया जाऊ नये म्हणून मी तो देवळातल्या नव्या फरशीवर वाळत घातला.

देवस्थान समितीचे अध्यक्ष — गाव त्यांना आप्पा म्हणतं — पायरीवर बसले होते.

"मॅडम, धुणं आमच्या देवळात?"

"वाळलं की नेते."

"न्या. आन् आधी तुमच्या पेठेतले खड्डे मोजा, मग आमचे दगड."

"आप्पा, हलवला कशाला पण तो?"

"भंगलेला दगड देवापुढं ठेवू नये. शास्त्र हाय."

तासाभराने कागद उचलला. तो सपाट नव्हता.

चार कप्पे होते. सगळ्यात खाली आडवा पडलेला माणूस. त्याच्या वर तोच ढाल-तलवार घेऊन लढतोय, मागे पाच गाई. वर अप्सरा, सगळ्यात वर पिंड. उजवा खालचा कोपरा तिरका तुटलेला. बाहेरच्या वीरगळीवर घोडा आहे, कप्पे तीनच, कोपरे शाबूत. ओंकारने दोन्ही कागद शेजारी धरले. मी फरशीवर हात फिरवला. काचेसारखी गुळगुळीत.

भागूबाईंना बोलावलं. त्यांनी तुटक्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ह्यो माझ्या सासऱ्यानं फोडला. गाडीचा आस लागला हुता."

"आणि या गाई, आजी?"

"गाई?" त्यांनी पाचही गाईंवरून बोट फिरवलं. "तेल घालून हात झिजला माझा, पन गाई न्हाय दिसल्या कधी. शेंदराखाली कोन बघतंय... म्हंजी गुरं सोडवाया गेला हुता म्हना आमचा बाबा."

आप्पांनी कागद निरखला. "घरनं करून आणलाय," म्हणाले आणि उठून गेले.

त्यांच्या जागी मीही तेच म्हणाले असते. पण कागदांचं पाकीट मी तिथेच फोडलं होतं. उरलेले तीन कागद भिजवून त्याच जागी वाळत घातले — सपाट वाळले. पुढच्या रविवारी पुन्हा घातले. सपाट.

ओंकार म्हणाला, "लिही ना, ठसा हिवाळ्यातच घेतला होता म्हणून. कोण चेक करतंय? म्हातारीला दगड मिळेल."

एका ओळीचं खोटं होतं. मी दोन दिवस नवा फॉर्म तसाच कोरा ठेवला. पण एक ठसा खोटा निघाला की आमच्या बाकीच्या नोंदीही कचऱ्यात जातात, आणि त्यांच्यावर विसंबलेले बाकीचे दगडही. शेवटी लिहिलं: "ठसा नव्या फरशीवर मिळाला. कारण माहीत नाही." साहेबांनी तो शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाचून दाखवला आणि परत केला.

हे भागूबाईंना तोंडावर सांगणं सगळ्यात अवघड होतं. त्या म्हणाल्या, "खरं लिवलंस ना? मग दुसरं काय तरी शोध, पोरी."

कारण मला आजही माहीत नाही. तुम्हाला सुचलं तरी कळवू नका, त्याने फरशी फुटणार नाही. तुमचं, तुमच्या आई-वडिलांचं, मामा-मावशीचं लग्न गव्हाळीच्या भैरोबापुढे लागलं असेल, कुणाचं जावळ तिथे काढलं असेल, तर आज अल्बम उघडा. नवरा-नवरीकडे बघू नका. त्यांच्या मागे, डाव्या खांबाशी, कमरेएवढा शेंदरी दगड दिसतोय का ते बघा. दिसला तर तो फोटो काँक्रीट पडायच्या आत भागूबाईंच्या हातात द्या. त्यांचं घर देवळासमोरच आहे.