शंभर टक्के निकालाबाहेरची अकरा मुलं

“बाई, माज्या पोरीचं नाव बोर्डावर का नाय?”

करावे गावातल्या जनाबाई शाळेच्या व्हरांड्यात उभ्या होत्या. नव्वदच्या दशकातला जून महिना. दहावीचा निकाल लागून तीन दिवस झाले होते. आमच्या सरकारी शाळेचा निकाल शंभर टक्के लागला होता आणि पास झालेल्यांची नावं मीच बोर्डावर लिहिली होती. मी दहावीची क्लासटीचर, विषय गणित. नोकरीला एकच वर्ष झालेलं, अजून प्रोबेशनवर. गणितात एकही नापास नाही म्हणून स्टाफरूममध्ये कौतुक चाललं होतं आणि मला ते आवडत होतं.

मुलीचं नाव विचारलं. सुनंदा. या नावाची मुलगी माझ्या वर्गात नव्हतीच. वाटलं, या बाई शाळा चुकल्या. तेवढ्यात त्यांनी पिशवीतून गुणपत्रिका काढली. सुनंदा पास होती. गणितात पंचावन्न.

“पाचवीपासून हितंच शिकली ती,” जनाबाई म्हणाल्या. “नववीनंतर मोठे सर म्हनाले, वरीसभर घरी अभ्यास करू दे, परीक्षेला बसवतो. कागदावर अंगठा घेतला माजा.”

“कसला कागद?”

“मला कुठं वाचता येतं?”

कागद कसला असेल ते माझ्या लक्षात आलं. सतरा नंबरचा फॉर्म. शाळा सुटलेल्या मुलांना बाहेरून दहावीला बसता यावं म्हणून तो असतो. नोकरी करणाऱ्यांना, लग्न झालेल्या मुलींना त्याचा फार उपयोग होतो. पण सतरा नंबरवाल्याचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत.

दुपारी मी क्लार्ककडे जनरल रजिस्टर मागितलं. कोणतं मूल कधी आलं, कधी गेलं, का गेलं, हे सगळं त्यात असतं.

“कशाला हवंय?” क्लार्कने विचारलं. एरवी तो कधी विचारत नसे.

“एका दाखल्याचं बघायचंय.”

नववीनंतर अकरा मुलं शाळा सोडून गेली होती. सगळी एकाच तारखेला. कारणाच्या रकान्यात अकरा वेळा तेच: ‘पालकांच्या विनंतीवरून’.

मी रजिस्टर घेऊन हेडमास्तर शेलार सरांकडे गेले. त्यांनी आधी दार लावलं.

“बाई, या सेक्टरमध्ये दोन इंग्लिश मीडियम शाळा आल्यात. आपला निकाल पडला तर पाचवीला ॲडमिशन होणार नाहीत. तुकडी बंद. तुकडी गेली की एक टीचर सरप्लस. सगळ्यात नवीन कोण आहे इथं?”

“मी.”

“मग उद्याच्या पालकसभेत बोर्डावर आहे तेवढंच वाचा.”

मी मान हलवली. घरी जाताना वाटेत मला स्वतःचाच संशय येत होता. वर्षभर मी शिकवलं होतं ते निवडून ठेवलेल्या मुलांना, आणि कौतुक मात्र माझं चाललं होतं.

सभेला हॉल भरला होता. मी बोर्डावरचं वाचलं. टाळ्या झाल्या. मग मागून एक गृहस्थ उठले. मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी कामगार.

“माझं पोरगं औंदा नववी पास झालंय. परवा सरांनी बोलावून सांगितलं, दाखला घ्या आन सतरा नंबर भरा. मला एवढंच सांगा, ही बोर्डावरची पोरं नववीत हुती, तवा वर्गात किती जणं हुती?”

“ती माहिती ऑफिसमधून मिळेल,” शेलार सर म्हणाले.

“मी बाईंना इचारतोय.”

तेव्हा मी इथे नव्हते, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

“बावन्न,” मी म्हटलं. “दहावीला शाळेतून बसली एक्केचाळीस.”

“मंग अकरा कुठं गेली?”

“त्यांना सतरा नंबर भरायला लावला. एक मुलगी पास झाली, ते मला कळलंय. बाकीच्यांचं शाळेनं विचारलेलंच नाही.”

मग एका आईने पर्समधून घडी घातलेला सतरा नंबरचा कोरा फॉर्म काढला आणि टेबलावर सरांसमोर ठेवला. पाठोपाठ आणखी तिघांनी ठेवले. माथाडी काकांनी सगळ्यात शेवटी.

त्या वर्षी नववीतलं एकही मूल शाळेबाहेर गेलं नाही. पुढच्या जूनमध्ये सात जण नापास झाले. पाचवीची तुकडी मात्र भरली. मला ‘परवानगीविना माहिती दिली’ म्हणून मेमो मिळाला आणि वर्षअखेर दूर मोरा बंदराकडच्या शाळेत बदली झाली.

सुनंदाचं नाव बोर्डावर लागलं नाही. नियमात बसत नव्हतं. जनाबाईंना ते समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हंजे नापास झाली असती तर नको, आन पास झाली तरी तुमची नाय?”

नंतर मी आणखी चार शाळांत नोकरी केली. निकाल वाचून दाखवायची वेळ आली की आधी त्याच मुलांचं नववीचं हजेरीपत्रक मागायची. बहुतेक ठिकाणी ते लगेच सापडायचं नाही.