जामिनाची अट आणि फराळाचा डबा

दिवाळीच्या आदल्या दिवशी आमच्या दारात फराळाचा डबा आला, तेव्हा मला पहिला संशय आला तो चिठ्ठीचा. दुसऱ्या कोणाला आधी भाजणीचा वास आला असता, दोन चकल्या तोंडात गेल्या असत्या. मी डबा ओट्यावर ठेवला, वरचा टिश्यू पेपर उलटसुलट करून पाहिला, करंज्या एकेक करून ताटात काढल्या आणि चमच्याने चिवडा तळापर्यंत ढवळला. काहीही निघालं नाही. त्याने माझा संशय कमी झाला नाही, उलट वाढला. एवढी काळजी घेणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असणारच, असं मला वाटलं.

डबा पाठवणारीचा नवरा इथल्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, पोलिसांच्या एका गाजणाऱ्या खटल्यात आरोपी होता आणि मी त्याच खटल्यात सरकारी साक्षीदार. एका सरकारी खात्याकडची लोकांची खाजगी माहिती बाहेर विकली गेली, असा आरोप होता. त्या खात्याचं काम ज्या कंपनीकडे होतं तिथे आम्ही दोघंही नोकरीला. माझ्या जबाबात एकच गोष्ट होती. एका लॉंग वीकेंडला ऑफिस बंद असताना मी विसरलेला चार्जर आणायला गेले आणि तो मला त्याच्या डेस्कवर बसलेला दिसला. तो तिथे काय करत होता हे मला माहीत नव्हतं, आजही नाही. पोलिसांनी विचारलं, मी सांगितलं.

खरा खटला उभा राहायला अजून खूप अवकाश होता. आधीच्या तारखाच संपत नव्हत्या. कधी कागदपत्रं आली नाहीत म्हणून, कधी वकिलांना वेळ हवा म्हणून. तोवर तो जामिनावर घरी होता. पासपोर्ट जमा, ठरल्या दिवशी पोलीस स्टेशनला हजेरी, आणि सगळ्यात कडक अट म्हणजे कुठल्याही साक्षीदाराशी स्वतः किंवा कोणामार्फत संपर्क ठेवायचा नाही. ती मोडली तर खटला संपेपर्यंत आत. मुलगी प्राथमिक शाळेत, बायको घरून थोडंफार काम करणारी. तो तुरुंगाबाहेर असणं हाच त्या घराचा आधार होता.

परदेशातल्या या शहराच्या कडेला ट्रुगानिना नावाच्या उपनगरात आम्ही दोन्ही कुटुंबं दोन गल्ल्या सोडून राहत होतो. एकसारखी घरं, एकसारखे गॅरेजचे दरवाजे, त्यामुळे नवीन पाहुणा हमखास आमच्याऐवजी त्यांच्या दारात उभा राहायचा. त्याची बायको मला ताई म्हणायची. त्याच्या अटकेनंतर तिचा फोन बंद झाला, ते ठीकच होतं, कायदाच तसा होता. पण बाकीच्यांना कोणता कायदा आडवा आला होता? इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर अचानक शुकशुकाट झाला. दुसरा ग्रुप निघालाय आणि त्यात मी नाही, हे कळायला मला कोणी सांगावं लागलं नाही. इंडियन ग्रोसरीत एक ओळखीची बाई मला बघून डाळींच्या रांगेतून सरळ फ्रीजकडे वळली आणि तिथे गोठवलेले पराठे वाचत उभी राहिली. माझा फोन पोलीस ऐकतात असं काहींना वाटत होतं, तर काहींना मी बढतीसाठी त्याला अडकवलं असं वाटत होतं. हे मला तोंडावर कोणी म्हणालं नाही. सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. त्यामुळे कोण काय म्हणत असेल ते मीच रात्रंदिवस ठरवत बसायचे, आणि त्यात मी कोणालाच सोडलं नाही.

त्याच वर्षी, गणपतीच्या थोडं आधी, पुण्यात माझी आई गेली. मी जाऊन सगळं आटोपून परत आले. आमच्यात दुःख झालेल्या घरी त्या वर्षी फराळ करत नाहीत. जवळची माणसं आणून देतात. म्हणून आमच्या घरी त्या दिवाळीत भाजणी नव्हती, कढई नव्हती, काही नव्हतं.

दारावरच्या कॅमेऱ्यात मी ते चित्रण तीनतीनदा पाहिलं. ती आली, डबा पायरीवर ठेवला, क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि बेल न वाजवता गेली. बेल का नाही वाजवली? कॅमेऱ्याकडे का पाहिलं? आपलं येणं दिसावं असं तिला वाटत होतं की दिसू नये असं? माझा नवरा वैतागला.

“तिला तुझ्याशी बोलता येत नाही म्हणून बेल नाही वाजवली. तुझी आई गेली म्हणून डबा ठेवला. यात कसलं कोडं आहे?”

युनिव्हर्सिटीतून आलेल्या लेकीने तर “आई, इट्स जस्ट फूड,” म्हणून एक करंजी उचललीसुद्धा. मी तिच्या हातातून ती काढून घेतली. माझ्या आईच्या मरणाचा आडोसा घेऊन कोणी मला आपल्या बाजूला वळवायला बघतंय, या विचाराने माझं डोकं फिरलं होतं. खरं सांगायचं तर मला राग यायला कारण हवं होतं, कारण रडायला लागले असते तर थांबले नसते. डबा मी फ्रीजवर सरकवून दिला.

दिवाळी संपता संपता फेडरल पोलिसांतली एक बाई घरी आली. पुढच्या तारखेची माहिती द्यायची होती आणि माझ्या जबाबातल्या एका वाक्यावर सही हवी होती. चांगली बाई, आमच्या लिंबाच्या झाडाचं कौतुक करणारी. मला त्या कौतुकाचाही संशय आला, पण तरी मी चहा टाकला. आता दिवाळीत घरी आलेल्या माणसाला नुसत्या चहावर कसं पाठवायचं? पोलीस असो नाहीतर आणखी कोणी. घरात दुसरं काहीच नव्हतं. माझा हात आपसूक फ्रीजवर गेला आणि मी बशीत चार चकल्या आणि चिवडा घालून तिच्यासमोर ठेवला.

तिने चकली खाल्ली, आणखी एक घेतली आणि विचारलं, तुम्ही घरी केल्यात का? ओट्याशी उभा असलेला नवरा माझ्याकडे बघत राहिला. दुकानातल्या आहेत म्हटलं असतं तर तिथेच भागलं असतं. पण पोलिसांसमोर खोटं बोलायला माझी जीभ वळत नाही. मी म्हटलं, नाही, यंदा आमच्याकडे करत नाहीत. मग कोणी केल्या, असं तिने विचारलं, तितक्याच सहज. मी सांगितलं. तिने उरलेला तुकडा बशीत ठेवला आणि रुमालाला बोटं पुसली.

काही दिवसांतच जामीन रद्द करण्याचा अर्ज आला आणि मला सिटीतल्या कोर्टात बोलावलं. बाहेर टीव्हीचे कॅमेरे होते. आत तो वकिलांच्या मागे बसला होता, बराच वाळलेला. त्याची बायको शेवटच्या बाकावर होती. मी एकाच प्रश्नाला घाबरत होते. त्यांच्या घरी चकल्या पाडायचं काम दरवर्षी त्याचंच असायचं. सोऱ्या फिरवताना तिचा हात दुखतो. हे मला कोणी विचारलं, तर डब्याला त्याचाही हात लागला होता हे मला सांगावं लागलं असतं. मी रात्रभर त्याची उत्तरं घोळवत होते.

ते कोणी विचारलं नाही. त्याच्या वकिलाने मला अगदी हळुवार विचारलं, तुमच्या समाजात घरी मृत्यू झाला तर सणाला काय करतात? मी सगळं सांगितलं. त्या वर्षी फराळ करत नाहीत, जवळची माणसं आणून देतात, न देणं वाईट दिसतं. सांगून झाल्यावर मॅजिस्ट्रेट बाईंनी मला पाणी देववलं. त्यांच्या चेहऱ्यावर समजल्यासारखं दिसलं. मला पहिल्यांदाच वाटलं की हा घरी जाईल. तो घरी जावा असं मला वाटतंय, हेही मला तेव्हाच कळलं.

मग सरकारी वकील उठले. त्यांच्या आवाजात अजिबात धार नव्हती. ते म्हणाले, तुम्ही सांगता तशी ही पद्धत सगळेच पाळतात, बरोबर? मी हो म्हटलं. तुमचे या शहरात बरेच मराठी परिचित आहेत? हो.

“मग यंदा आणखी किती घरांतून तुमच्याकडे फराळ आला?”

मी वकिलांच्या मागे बसलेल्या त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोकडे. शपथ घेतलेली होती.

“एकाही नाही,” मी म्हटलं.

ते आभार मानून खाली बसले. का नाही आला, हे कोणीच विचारलं नाही. त्याच्या वकिलालाही ते सुचलं नाही, आणि कोणी विचारल्याशिवाय तिथे बोलता येत नाही. पद्धत सगळ्यांची असेल तर फक्त आरोपीच्याच घरून डबा कसा आला, हे मॅजिस्ट्रेट बाईंनी निकालात दोन वाक्यांत मांडलं. जामीन रद्द झाला. दोन अधिकारी त्याला बाजूच्या दाराने घेऊन गेले. जाताना त्याने बायकोला हाताने काहीतरी खूण केली. ती मला कळली नाही.

बाहेरच्या लांब कॉरिडॉरमध्ये ती माझ्याकडे चालत आली. आता तिला कसली भीती राहिली नव्हती. मी सवयीने आधी आजूबाजूला पाहिलं, ती कोणाला ऐकू जावं म्हणून तर बोलणार नाही ना. आमच्याशिवाय तिथे कोणीच नव्हतं.

“ताई,” ती म्हणाली, “तुमच्याकडे कोणीच पाठवणार नाही हे मला माहीत होतं. म्हणून मी पाठवला.”

मुलीची शाळा सुटायची वेळ होत आली होती, त्यामुळे ती थांबली नाही.